क्षिप्रा आधी बोलली

विभागप्रमुख राघव सरांची खुर्ची हलली, त्या दिवसापासून स्वरूपाच्या पोटात दुखायला लागलं. रोज सकाळी लॅपटॉप घेऊन ते तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचे. एक दिवस ती खुर्ची क्षिप्राच्या टेबलाशी गेली आणि तिथलीच झाली.

मानेसरमधल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कारखान्यात स्वरूपाला नऊ वर्षं झाली होती. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, क्वार्टर दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला. ती सकाळी सहाला घर सोडायची, धौला कुआँला कंपनीची बस पकडायची आणि बसमध्येच फोन सुरू करायची. कुठलं जहाज कुठे पोचलं, कुठला माल कधी उत्पादनाच्या लाइनवर लागणार, हे तिचं काम. क्षिप्राला येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. इंदूरची मराठी मुलगी, हुशार, डब्यातलं आधी दुसऱ्याला वाढणारी. निदान भांडखोर तरी असती, असं स्वरूपाला वाटायचं. मग राग धरायला काहीतरी हाताशी असतं.

जूनच्या सुरुवातीला अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं. कारखान्याचे ब्रेक सेन्सर घेऊन येणारं जहाज आधी न्हावाशेवाला थांबून मग कच्छच्या बंदरात जाणार होतं. माल कच्छमध्येच उतरवायचा, तिथून ट्रकने मानेसर, असं ठरलेलं. पण वादळ ओमानकडे जाणार की वळून कच्छवर येणार, हे कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं. अंदाज दोन्हीकडचे होते. बंदरातल्या एजंटला सोमवारी सकाळी अकरापर्यंत उत्तर हवं होतं: माल न्हावाशेवालाच उतरवायचा का?

रविवारी संध्याकाळी स्वरूपाने हर्णैला वडिलांना फोन लावला. अण्णांनी तीस वर्षं बंदर खात्यात काढली होती, वादळाचे बावटे चढवण्या-उतरवण्यात.

"कुठे जाईल हो अण्णा?"

"दोन दिवस जागच्या जागी रेंगाळलंय. सरळ जायचं असतं तर एव्हाना गेलं असतं. मला विचारशील तर उत्तरेला वळणार. कच्छला लागेल."

"नक्की?"

"नक्की कसं सांगू? पण माझी होडी असती तर मी कच्छला नेली नसती."

स्वरूपाला ते पटलं. सकाळी बसमध्ये तिने मनातल्या मनात वाक्यं जुळवली: सर, माल न्हावाशेवाला उतरवू या. पुढे ट्रकचं मी बघते. सरांचा चेहरा कसा होईल, तेही तिने बघून घेतलं.

मीटिंगला ती फाइल उघडते न उघडते तोच सर म्हणाले, "क्षिप्रा, तुम बताओ. यह तूफ़ान जाएगा किधर?"

क्षिप्राने पडद्यावर नकाशा लावला. तीन रंगांच्या रेषा, खाली तारखा. वादळाचा वेग मंदावला आहे, म्हणून ते वळण्याची शक्यता जास्त, माल न्हावाशेवाला उतरवावा, असं ती शांतपणे म्हणाली. स्वरूपाने जुळवलेलं सगळं, तेही नकाशासकट.

"व्हेरी गुड," सर म्हणाले. मग उपचार म्हणून इकडे वळले. "स्वरूपा, आपका क्या ख़याल है?"

स्वरूपाला 'माझंही तेच,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती क्षिप्राच्या मागे मान डोलावणारी ठरली असती.

"मला नाही तसं वाटत," ती म्हणाली. "माझा जन्म समुद्रावरचा आहे, सर. नकाशावरून वादळ कळत नसतं. हे ओमानला जाणार. उगाच माल मध्येच उतरवला तर कागदपत्रं नव्याने, ट्रक नव्याने, आणि आठवडा वाया."

तिचा आवाज इतका ठाम होता की क्षणभर तिलाही ते खरं वाटलं. सरांनी पेन दोनदा टेबलावर आपटलं. शेवटी नऊ वर्षांचं पारडं जड झालं. माल कच्छलाच जाऊ द्यायचा ठरला.

पुढचे दोन दिवस स्वरूपा दर तासाला फोनवर वादळ बघत होती. आजवर बातम्यांत वादळ आलं की ती किनाऱ्यावरच्या माणसांसाठी हात जोडायची. या वेळी ती त्याने पश्चिमेला जावं म्हणून हात जोडत होती, आणि कुणासाठी, ते तिला माहीत होतं. बुधवारी दुपारी ते वळलं. गुरुवारी कच्छला धडकलं. बंदर आधीच बंद झालं होतं, जहाज दूर समुद्रात उभं राहिलं. पुढच्या सोमवारी कारखान्यात सेन्सर संपले आणि एक लाइन थांबली.

कंत्राटी कामगारांना गेटवरूनच परत पाठवलं. सेन्सर बसवणारी कौशल्या बसच्या पायरीवर उभी होती. तिने स्वरूपाला विचारलं, "मॅडम, कितने दिन?"

"चार-पाँच," स्वरूपा म्हणाली आणि नजर चुकवून आत गेली.

तिला कुणीच बोल लावला नाही. आढावा बैठकीत सर म्हणाले, "तूफ़ान है, किसी के हाथ में थोड़ी है." त्याहून वाईट म्हणजे क्षिप्रा तिच्या बाजूने बोलली. अर्धे अंदाज ओमानचेच होते, ताईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं, असं. स्वरूपाला वाटलं, हिने मला दोन शब्द सुनावले असते तर मी सहन केलं असतं.

दुपारी कँटीनमध्ये ती क्षिप्रासमोर जाऊन बसली.

"मला मीटिंगच्या आदल्या दिवशीच माहीत होतं. वादळ वळणार, असं माझंही मत होतं."

क्षिप्राचा घास हातातच राहिला. "मग असं का बोललात?"

"तू आधी बोललीस म्हणून."

क्षिप्राने घास परत डब्यात ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता. ओळखीच्या माणसाची ओळख पटू नये, तसं काहीतरी होतं. "सरांना सांगणार?"

"सांगते."

तिने सांगितलं. सर फक्त "अच्छा" म्हणाले. आठवड्याने बाहेरून येणाऱ्या मालाचं काम क्षिप्राकडे गेलं आणि स्वरूपाला तयार मालाच्या रवानगीवर बसवलं.

काम सोपवायच्या दिवशी दोघी शेजारी बसल्या होत्या. क्षिप्रा मोजकं विचारत होती, लिहून घेत होती. डबा आता ती वेगळ्या टेबलावर उघडायची. स्वरूपाने एजंटांचे नंबर सांगायला सुरुवात केली. एका नंबरापाशी ती थांबली. न्हावाशेवाचा एक म्हातारा एजंट, रविवारीही फोन उचलणारा. नऊ वर्षांत तो तिने कुणाला दिला नव्हता. पोटात पुन्हा तीच ओळखीची कळ आली.

"आणखी काही?" क्षिप्राने विचारलं.

"एक राहिला," स्वरूपा म्हणाली, आणि आकडे सावकाश, एकेक करून सांगितले.