उताराशी बंद पडणारं मशीन

"परत बंद पडलं," शरयू सीटवर बसूनच म्हणाली. "तिथेच. उताराशी."

नंदूकाका हात पुसत गॅरेजमधून बाहेर आले. चेहऱ्यावर काळजी आणायला हवी म्हणून त्यांनी आणली होती, पण आतून त्यांना उकळ्या फुटत होत्या. बंद पडलेलं मशीन म्हणजे अख्ख्या दुपारची सोय.

नंदकुमार देवस्थळी यांनी अमेरिकेत, शॉमबर्गच्या एका कंपनीत उभं आयुष्य फोन तपासण्यात घालवलं. बाजारात जाण्याआधी फोनमध्ये काय खोट आहे ते शोधायचं, हे त्यांचं काम. २००३ साली कंपनीने केक कापला, घड्याळ दिलं आणि त्यांना घरी पाठवलं. मग खोट शोधायला स्वयंपाकघर तेवढं उरलं. डबे कसे लावावेत, तवा किती तापवावा, कुकरची शिट्टी मध्येच का अडखळते, या सगळ्यात त्यांनी इतकं लक्ष घातलं की शेवटी बायकोने, शरयूनेच, कम्युनिटी कॉलेजचं पत्रक त्यांच्यासमोर टाकलं.

"इथे गवत कापायचे जुने मोअर दुरुस्त करायला शिकवतात. जा. माझ्या तव्याला मोकळं सोडा."

ते गेले, आणि अडकलेच. शिकवणारे डेल नावाचे एक शांत गृहस्थ होते, जन्मभर ट्रॅक्टर विकलेले आणि दुरुस्त केलेले. त्यांच्या हाताखाली नंदूकाका पात्याला धार लावून ते समतोल करायला शिकले, पट्टा बदलायला शिकले, कार्बोरेटर उघडून पुन्हा जोडायला शिकले. मग कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून त्यांनी बसून चालवायचा एक लाल मोअर उचलून आणला, त्यांच्या मुलीच्या वयाचा. तो पार मोकळा केला आणि परत जोडला. दोन स्क्रू उरले. ते कुठले, याचा पत्ता लागला नाही, पण मशीन सुरू झालं.

खरी गंमत पुढेच झाली. शरयू त्याच्यावर चढून बसली.

तीस वर्षं अमेरिकेत काढूनही तिने गाडी चालवली नव्हती. एकदा शिकायला म्हणून हायवेवर नेली, शेजारून एक ट्रक धडधडत गेला, आणि घरी येऊन तिने किल्ली टेबलावर ठेवली ती ठेवलीच. नंदूकाकांनी आग्रहही केला नाही. खरं सांगायचं तर तिच्या शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत राहण्याचा त्यांनाच कंटाळा आला होता. पण घराभोवतीच्या एकरभर लॉनवर ट्रक नव्हते, सिग्नल नव्हते, आणि शेजारी बसून चुका काढायला दुसरी सीट नव्हती. ओढणी कमरेला बांधून, डोक्यावर त्यांची जुनी टोपी घालून ती सरळ पट्टे मारत जायची. शेजारपाजारचे हात करायचे, तीही एक हात सोडून उत्तर द्यायची. "या देशात मी चालवते ती ही एकच गाडी," असं ती मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना सांगायची.

दोन उन्हाळे मशीनने कुरकुर केली नाही. तिसऱ्या वर्षी, २००७च्या मे महिन्यापासून ते बंद पडायला लागलं.

नंदूकाकांनी फिल्टर बदलला. स्पार्क प्लग बदलला. कार्बोरेटर दोनदा उघडला. इंजिन तापल्यावर कॉइल दगा देते, असं डेलनी वर्गात सांगितलं होतं, म्हणून कॉइलही नवी घातली. दर वेळी स्वतः बसून चक्कर मारायचे. मशीन खडखडीत चालायचं.

"बघ, काही झालेलं नाही."

मग शरयू बसायची. उताराशी जमीन जरा खाचखळग्यांची होती. तिथे दोन धक्के बसले की इंजिन गप्प.

"तुम्ही बसलात की चालतं, मी बसले की बंद," ती म्हणायची.

"तू क्लच झटकन सोडत असशील."

"दोन वर्षं सोडतेच आहे की."

एकदा रात्री जेवताना तिने अर्धी पोळी बाजूला सारली. "अलीकडे भूकच लागत नाही हो."

"पेट्रोलमध्ये पाणी उतरत असेल का गं?" नंदूकाका म्हणाले. त्यांनी मान वरसुद्धा केली नव्हती.

ऑगस्टमध्ये त्यांनी हार मानली आणि डेलना घरी बोलावलं. डेलनी मशीनभोवती एक फेरी मारली. मग इंजिन सुरू केलं, पातं चालू केलं, सीटवर नुसता तळहात टेकवला आणि हळूहळू उचलायला लागले. हात जरा वर येताच इंजिन बंद पडलं.

"सीटखाली स्विच असतो," ते म्हणाले. "चालवणारा खाली पडला तर पातं थांबावं म्हणून. तो चांगला आहे. खालची स्प्रिंग जरा कडक आहे, हलक्या माणसाला धक्का बसला की सीट उचलली जाते. हे मशीन कोण चालवतं?"

"माझी बायको. पण ती दोन वर्षं हेच चालवते आहे. कधी बंद पडलं नाही."

डेल फडक्याने एकेक बोट पुसत राहिले.

"मग मशीन बदललेलं नाही, नंदू," ते म्हणाले.

डेल गेल्यावर नंदूकाका बराच वेळ गॅरेजमध्ये उभे होते. आत जायचं धैर्य होत नव्हतं. शेवटी गेले. शरयू ओट्याशी भेंडी चिरत होती. मनगटातल्या बांगड्या खाली घसरू नयेत म्हणून तिने त्या वर कोपरापर्यंत चढवल्या होत्या. खांद्याची हाडं कुर्त्यातून वर आली होती. हे काही आज झालेलं नव्हतं. ती रोज त्यांच्यासमोर होती, आणि ते रोज तिच्या पलीकडे गॅरेजकडे बघत होते.

"तुझं वजन किती झालंय?" त्यांनी विचारलं.

तिने सुरी खाली ठेवली. "आत्ता विचारताय होय."

आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"नाडी किती आवळावी लागते ते मला दिसत होतं," ती म्हणाली. "मनात यायचं, बोलावं. पण तुम्ही इतके रमला होतात. म्हटलं, मशीनचं एकदा संपू दे." मग जरा थांबून म्हणाली, "आणि मशीनच बिघडलंय असं समजलं की मलाही बरं वाटायचं."

पोटातला कॅन्सर होता आणि तो लिव्हरपर्यंत पोचला होता. मुलगी गिरिजा सांता क्लाराहून विमानाने आली, डॉक्टरांशी बोलली, रात्रभर जागून कायकाय वाचलं. "बाबा, मेमध्ये डिटेक्ट झालं असतं तरी फार डिफरन्स नसता पडला," ती म्हणाली. तिला त्यांना धीर द्यायचा होता. नंदूकाकांनी मान हलवली. औषधाने फरक पडला नसता, हे त्यांनी मानलं. पण मे ते ऑगस्ट ती एकटी होती, आणि त्याच घरात ते कार्बोरेटर साफ करत होते. ज्याचा धंदाच खोट शोधायचा, त्याने अख्खा उन्हाळा चुकीच्या जागी शोधलं, हे आता कुठल्याही डॉक्टरला दुरुस्त करता येणार नव्हतं.

शरयूला लॉनवर फिरायचं असायचं. नंदूकाकांनी जुनी स्प्रिंग काढून नरम स्प्रिंग बसवली. औषधं चढवल्यानंतरच्या आठवड्यात ती झोपून राहायची, पुढच्या आठवड्यात जरा उभारी आली की गॅरेजशी येऊन उभी राहायची. सप्टेंबरभर मशीन एकदाही थांबलं नाही. ती सावकाश चालवायची, ते बरोबरीने चालायचे.

ऑक्टोबरच्या एका ऊन पडलेल्या दुपारी त्यांनी तिला हात देऊन सीटवर बसवलं. तिने एक पट्टा पुरा केला, वळली आणि दुसरा धरला. निम्म्यावर इंजिन बंद पडलं. तिथे उतार नव्हता. खड्डाही नव्हता.

दोघांनाही कळलं. इतकी शांतता झाली की पलीकडच्या रस्त्यावरून जाणारी गाडी ऐकू आली.

"दोन वायर एकत्र जोडल्या की स्विच बाद होतो," नंदूकाका म्हणाले. "मग थांबणार नाही. जोडतो मी. पाच मिनिटांचं काम आहे."

"नको. मी पडले बिडले तर ते थांबायला हवं."

"मग उतर. आत जाऊ."

"पट्टा अर्धा राहिलाय," ती म्हणाली. स्टिअरिंगवरचे हात तिने काढले नव्हते.

नंदूकाकांनी पातं बंद केलं, गिअर मोकळा केला आणि मागे जाऊन दोन्ही हात सीटच्या पाठीला लावले. मशीन जड होतं. पहिल्या जोराला ते हललंच नाही. दुसऱ्या जोराला चाकं फिरली. शरयू ताठ बसून समोर बघत होती. मेपलच्या झाडाशी आल्यावर तिने नेहमीसारखं बुंध्याला न खेटता वळण घेतलं आणि परत रेषेवर आली.

"जरा डावीकडे होतंय का?" तिने मागे न बघता विचारलं.

"नाही," नंदूकाका म्हणाले. "सरळ चाललंय."

आणि ते कुंपणापर्यंत ढकलत गेले. मागे गवत होतं तेवढंच उंच राहिलं होतं, त्यात चाकांच्या दोन रेषा तेवढ्या उमटल्या होत्या.