उजवा कान

"बोलली गं बोलली! माझ्या या कानांनी ऐकलं," सासूबाई ओले हात पदराला पुसत दारातूनच ओरडल्या.

संगणकासमोर बसलेल्या सुनेने हेडफोन गळ्यात ओढला. "कोण बोललं, माई?"

"कोण म्हणजे? या घरात न बोलणारं माणूस एकच आहे. भिंगरी! 'आई' म्हणाली. तुझा कुडता धरून. मी भांडी विसळत होते, वळून बघते तर ही आपली परत निघाली. आणि तू कानाला ती डबडी लावून बसलेली."

भिंगरी टेबलाखाली बसली होती, वायरीचं वेटोळं मनगटावर चढवत. वयाची दोन वर्षं उलटून गेली, दिवसभर घरभर गरगरायची. शब्द मात्र एक नाही. उद्या डॉक्टरांकडे जायचं होतं. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं होतं, "एखादा तरी शब्द? कुणाला उद्देशून?" तेव्हा ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली होती.

"आई, गेल्या आठवड्यात तुला तिने 'पाणी' म्हटलेलंसुद्धा ऐकू आलं होतं," नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला. "नळ गळत होता तो."

"तू गप रे. तुझंही तोंड उशिराच उघडलं होतं. उघडलं ते अजून मिटलेलं नाही."

ती हसली नाही. तिने घाईघाईने दोन्ही कॅमेरे बंद केले आणि त्यांतली कार्डं काढली. ती समारंभांचं चित्रीकरण करायची. सकाळपासून कॅमेऱ्यांची वेळ जुळवणाऱ्या नव्या डब्यांची चाचणी चालू होती. तिच्या जुन्या कॅमेऱ्यांना वेळेच्या खुणा घ्यायला वेगळी खाच नव्हती, म्हणून ही डबी माइकच्या खाचेत खुपसायची. मग ती आवाजाच्या जागी वेळ भरत राहते, रातकिड्यासारखी किर्र किर्र. माणसाला त्यातलं काही कळत नाही, पण संगणक ती किर्र वाचतो आणि सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं क्षणाला क्षण लावून देतो.

एक कॅमेरा बाहेरच्या खोलीत तिकाटण्यावर होता, तोंड या खोलीच्या दाराकडे. त्याचं कार्ड संगणकात घातलं, चित्र आलं. टेबल, वाकलेली तिची पाठ. भिंगरी लुटूलुटू आली. कुडता धरला. मान वर. तोंड उघडलं.

किर्र.

तिने डावीकडचा आवाज बंद केला. किर्र. उजवीकडचाही केला, तर काहीच उरलं नाही. सकाळी घाईत तिने या कॅमेऱ्याला साधी वायर लावली होती, एका फाट्याला डबी आणि दुसऱ्याला माइक घेणारी फाटेवाली नव्हे. दोन्ही कानांत नुसती वेळच भरली होती.

"तोंड उघडलंय खरं," नवरा मागे येऊन उभा होता. "जांभई असेल."

"जांभईला कुणी कुडता धरतं का?"

"अगं, मी आपलं म्हटलं. उद्या उगाच..."

"उगाच काय?"

तिने दुसरं कार्ड संगणकात घातलं. दुसरा कॅमेरा तिच्या कोपरापाशीच, टेबलावर होता. त्याचं झाकणसुद्धा काढलं नव्हतं. चित्र म्हणून नुसता काळोख. पण त्याला फाट्यांची वायर होती. डाव्या कानात किर्र, उजवा कान माइकला मोकळा. तिने दोन्ही चित्रं एकाखाली एक टाकली. संगणकाने किर्र वाचली, पट्ट्या सरकल्या, जुळल्या. तिने रेघ भिंगरीच्या उघडलेल्या तोंडावर आणून ठेवली आणि हेडफोनचा एक कान नवऱ्याला दिला.

आधी भांड्यांचा आवाज. मग पावलं, अनवाणी.

"आई."

एवढंसं. कोवळं, पण गोळीबंद.

आणि लगेच, अगदी जवळून, मोठ्याने, "थांब."

"आई."

"थांब ना राणी, एक मिनिट."

मग पावलं परत गेली.

तो आवाज तिचाच होता. म्हटल्याचं तिला आठवतसुद्धा नव्हतं. कुडत्याला ओढ लागली की तोंडातून आपोआपच जायचं ते, कानात काही शिरो न शिरो.

"काय झालं? म्हणाली ना?" सासूबाईंना धीर निघेना.

"म्हणाली, माई. दोनदा."

"बघ! आणि हा म्हणे नळ!"

नवऱ्याने चष्मा काढून उगाचच पुसला. "उद्या ऐकवू डॉक्टरांना. तेवढाच तुकडा काप. 'आई'पर्यंत."

ती कापायची रेघ पुढे नेऊ लागली. पहिल्या 'आई'पाशी थांबली नाही. 'थांब' ओलांडलं, दुसरी 'आई' ओलांडली, 'एक मिनिट'ही ओलांडलं आणि पावलं विरली तिथे नेऊन कापलं.

"अगं, ते कशाला? तुझं बोलणं काढून टाक की."

"नको. ते विचारतील, कुणाला उद्देशून म्हणाली."

कुडता खालून ओढला गेला. ओठांवर आलेलं 'थांब' तिने तिथेच गिळलं. खुर्ची मागे सारून ती फरशीवर उतरली, थेट टेबलाखाली. वर दोन्ही डब्यांचे दिवे एकाच ठेक्यात उघडझाप करत होते. भिंगरीने आपल्या मनगटावरचं वायरीचं वेटोळं काढलं आणि एक शब्दही न बोलता, जीभ बाहेर काढून, मन लावून ते आईच्या हातात चढवू लागली.