कुंकवाचं पाणी

कंकूची मुलगी चाळीस दिवसांची झाली, तेव्हा घरच्या बायका तिला घेऊन विहीर पुजायला निघाल्या. पुढे कंकू, अंगावर बाळंतिणीची पिवळी ओढणी, डोक्यावर तांब्याचा घडा. मागे तिची सासू धापू, शिजवलेल्या गव्हाच्या घुगरीचं ताट घेतलेली शेजारीण तीजां, आणि गाणाऱ्या आठ-दहा जणी. सगळ्यांच्या मागे वरजू, धापूची सासू. वय ऐंशीच्या पुढे, तरी पोर तिच्याच छातीशी होती. सकाळपासून तिने ती कोणाला घेऊ दिली नव्हती.

“दादीसा, पळून नाही जायची पोरगी,” तीजां म्हणाली. “पाय फुटायला वर्ष आहे अजून.”

सगळ्या हसल्या. वरजू हसली नाही.

वाट नदीच्या काठाने होती. वरजू नवी नवरी म्हणून या गावात आली तेव्हा ही नदी पावसाचे दोन महिने वाहायची, उरलेलं वर्ष नुसती वाळू. त्या वाळूत टरबुजं व्हायची. हाताने खड्डा उकरला की गोड पाणी लागायचं. पाऊस पडायचा, वाळूत जिरायचा, विहिरीत उतरायचा, एवढं साधं होतं सगळं. मग वरच्या शहरात कापड रंगवायचे कारखाने आले आणि नदी बारा महिने वाहू लागली. जेठाच्या उन्हातसुद्धा. आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि ही आपली काळीशार सरकतेय, मेलेल्या माणसाने रोज उठून दारावरून जावं तशी. वरजूला तिची सवय कधी झालीच नाही.

विहीर काठापासून दोन शेतं आत. गाव टँकरचं पाणी पीत होतं आणि विहिरीच्या कठड्यावर सरकारी माणसाने लाल फुली मारली होती. यंदाच्या पावसात ती धुऊन गेली. पाऊसच असा झाला की विहीर कठड्याच्या हाताभर खालपर्यंत भरली.

“बघा तरी,” धापू वाकून म्हणाली, “पाण्यातल्या पायऱ्या मोजता येतात! सगळं धुऊन निघालं. सासूजी, पुढे या ना.”

वरजू पुढे गेली नाही. कठड्याच्या दगडांवर मिठासारखी पांढरी पूड धरली होती. एवढं पाणी, पण एक पाखरू त्यावर उतरत नव्हतं. आणि दर पावसाळ्यानंतर तिला ऐकू यायचा तो आवाज आला, विहिरीच्या पोटातून. बाळ पिताना करतं तसा. चुटूक, चुटूक.

पाऊस विहीर धुऊन काढत नाही, नदीतलं विष शेताखालून विहिरीत ढकलतो, हे वरजूला कोणी शिकवलं नव्हतं. तिने ते पाहिलं होतं. तेहतीस वर्षांपूर्वी असाच पाऊस झाला होता आणि धापूचा पहिला मुलगा असाच चाळीस दिवसांचा होता. पूजेच्या आदल्या दिवशी विहीर लाल झाली. आईमातेने विहिरीत कुंकू घातलंय, असं पहिल्यांदा म्हणाली ती वरजूच. बायकांनी नारळ वाहिले, ते पाणी कपाळाला लावलं. रिवाज एवढाच की घरातल्या थोरलीने पाण्याचं बोट बाळाच्या ओठाला लावायचं. वरजूचं त्यावर भागलं नाही. सगळ्यांची पाठ वळल्यावर तिने देवीचा प्रसाद म्हणून वाटीभर पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी मूल निळं पडलं आणि गेलं.

गाव म्हणालं, आईचं दूध बाधलं. वरजू गप्प राहिली. महिन्याभराने बातमी आली की शहरात कुठल्याशा कारखान्याचा रंगाचा हौद फुटला होता. तेव्हाही ती गप्पच राहिली.

कंकूने रिवाजाप्रमाणे आपल्या दुधाचे चार थेंब विहिरीत पिळले, घडा बुडवून वर काढला. धापूने तो वरजूसमोर धरला.

“लावा बोट. तुमचा मान.”

“नको.”

“मग मी लावते.” धापूने बोट बुडवलं.

वरजूने पोरीचं तोंड छातीत दाबून धरलं.

“दादीसा, गुदमरेल ती!” कंकू ओरडली.

धापूचं बोट तसंच ओलं राहिलं. “माझा हात लागला तर पोर मरेल, असंच ना? म्हणा की. तेहतीस वर्षं सगळ्या म्हणतातच.”

तीजां घुगरीच्या ताटात बघू लागली.

“तुझा हात नव्हे, बींदणी,” वरजू सुनेला म्हणाली. “तुझ्या लेकाला मी पाजलं. ह्याच विहिरीचं. लाल होतं तेव्हा, वाटीभर. तुझं दूध चांगलं होतं.”

सासूसमोर धापूची ओढणी आजवर कधी तोंडावरून वर गेली नव्हती. आता तिने ती मागे सारली. सुनेचं तोंड वरजूने भर उन्हात पहिल्यांदाच पाहिलं. केस सगळे पिकले होते.

“कधी कळलं तुम्हाला?”

“तो निळा पडला तेव्हाच.”

“आणि धाकट्याला, ह्या पोरीच्या बापाला, मी बकरीच्या दुधावर वाढवलं,” धापू हळू म्हणाली. “माझं दूध गोठ्याच्या भिंतीवर पिळायची मी. रोज.”

तिने घडा कठड्याबाहेर उपडा केला.

“अगं, पुजून रिकामा घडा नेतात का?” तीजां घाबरली. “गाव काय म्हणेल?”

“म्हणू दे. आधी म्हणालंय तेवढं तर नाही ना म्हणणार?” धापूने हात पुढे केले. “द्या ती.”

वरजूने पोर दिली. धापूने ती कंकूच्या ओटीत घातली. “घरी ने आणि पाज. तुझंच पाज.”

बायका गाणं न म्हणता निघाल्या. धापू मात्र गेली नाही. सगळ्या वळणाआड होईपर्यंत ती उभी राहिली, मग सासूकडे वळली.

“कुठे बसून पाजलंत त्याला?”

वरजूने बोट केलं. उतरायच्या पायऱ्यांजवळ एक सपाट दगड होता. धापू त्यावर जाऊन बसली, मांडी घातली, आणि ओढणी पुढे न ओढता पाण्याकडे बघत राहिली.