दगडाबाईचा सत्कार

आमचे प्राचार्य मनानं चांगले होते, आणि तीच माझी अडचण होती. वाईट माणसाशी भांडायला मला हुरूप येतो. चांगल्या माणसाशी भांडताना माझा मलाच आवाज कर्कश वाटायला लागतो.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. विश्रामबागच्या आमच्या कॉलेजचं सेवा योजनेचं शिबिर मी कृष्णाकाठच्या एका गावात नेलं होतं. संस्थेचे उपाध्यक्ष लालासाहेब त्याच गावचे, उसाचे मोठे बागायतदार. शिबिराची भाजीभाकरी त्यांच्याच घरून यायची. गावाबाहेर माळावर पारध्यांची पालं होती. त्यातली दगडाबाई विहिरीवर पाण्याला आली असताना लालासाहेबांच्या पुतण्यानं, अर्जुनानं, तिचा हात धरला. तिनं थोबाडीत दिली. मग त्यानं ‘चोर, चोर’ अशी बोंब ठोकली आणि काठीनं तिला इतकं बडवलं की मनगटाचं हाड मोडलं.

लीला आणि शालिनी या माझ्या दोन विद्यार्थिनी तिथंच रस्त्यावर खडी पसरत होत्या. त्यांनी पहिल्यापासून सगळं पाहिलं. चौकीत फौजदार तक्रार लिहून घेईना. पारधी म्हणजे चोर, हे त्याचं आधीच ठरलेलं होतं. आम्ही तिघी दगडाबाईला मधे घेऊन बाकावर ठाण मांडून बसलो. शेवटी त्यानं लिहून घेतलं, ते कॉलेजच्या पोरींना उठवायचं कसं हे न कळून.

खटला उभा राहिला. दगडाबाईच्या बाजूनं साक्ष देणाऱ्या दोघीच, आणि त्या आमच्या. त्या कोर्टात बोलल्या नाहीत तर अर्जुना सुटणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. प्राचार्य मात्र परवानगी देईनात.

“मोहितेबाई, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. या तर लग्नाच्या मुली. उद्या आईबाप मुलींना कॉलेजातून काढायला लागले तर?”

त्यांची भीती खोटी नव्हती. शालिनीचा मामा तिला घरी न्यायला एकदा येऊन गेलाच होता. पोरीनं जायला नकार दिला म्हणून राहिली.

पण कॉलेजनं काहीतरी केलं पाहिजे, हे प्राचार्यांनाही टोचत होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, की स्नेहसंमेलनात साडीचोळी देऊन दगडाबाईचा सत्कार करायचा. लालासाहेबांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, “साडीचोळी आमच्याकडून.” प्राचार्यांना गहिवरून आलं. माझं डोकं फिरलं.

प्राचार्य पुण्याचे, मी उंब्रजची. आमच्या भागात कुणी बाईवर हात टाकला की पंच बसतात, मारणाऱ्याच्या घरून साडीचोळी आणवतात आणि चार माणसांत बाईच्या ओटीत घालतात. तिनं ती घेतली की भांडण मिटलं. पुढं तिनं तोंड उघडलं तर लोक म्हणतात, लुगडं घेताना बरं गोड लागलं. हे सगळं मी प्राचार्यांना समजावून सांगितलं.

“तुम्हाला प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसतं,” ते म्हणाले.

दिसतं. असतं म्हणून दिसतं.

संमेलनाच्या दिवशी दगडाबाई हाताला प्लास्टर घालून आली. कॉलेजात बोलावलंय एवढाच निरोप तिला मिळाला होता. परवा कोर्टाची तारीख, तेव्हा साक्षीचंच बोलणं असणार असं समजून ती माळावरून चालत आली होती. तिला थेट स्टेजवर नेऊन उभं केलं. बाईची ओटी बाईनंच भरायची, म्हणून ताट माझ्या हातात दिलं.

समोर पहिल्या रांगेत लालासाहेब होते, आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या गावातली चार जुनी माणसं, पटके बांधून. आमच्या संमेलनाला ही माणसं कधी फिरकत नाहीत. मिटलं हे पाहायलाच त्यांना आणलं होतं.

मी ताट टेबलावर ठेवलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती आणि ती लालासाहेबांच्या सहीनं व्हायची होती. मी माईक दगडाबाईच्या पुढ्यात ओढला.

“यांना कुणी विचारलेलं नाही,” मी म्हटलं. “दगडाबाई, ही साडीचोळी लालासाहेबांच्या घरची आहे. घेणार का?”

तिनं साडीकडं पाहिलं, मग त्या चार पटक्यांकडं.

“न्हाई,” ती म्हणाली. “घेतली की मिटलं म्हनतील. माजं मिटल्यालं न्हाई.” मग ती प्राचार्यांकडं वळली. “सायेब, परवा तारीक हाय. ह्या दोन पोरी येतो म्हनल्या व्हत्या. तुमी त्यांस्नी सोडत न्हाई म्हनं. तेवढं सोडा. मला दुसरं काय नको.”

मागच्या रांगेत लीला उभी राहिली, तिच्या पाठोपाठ शालिनी. त्यांना मी सांगितलेलं नव्हतं.

“साहेब, कार्यक्रम पुढं न्या,” लालासाहेब बसल्या जागेवरून म्हणाले.

प्राचार्य उठले. आपल्या हातून काय होऊ घातलं होतं, ते त्यांना आत्ता कळत होतं आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. मला त्यांची दया आली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“कोर्टात जायला मी या मुलींना सुट्टी देणार नाही,” ते म्हणाले.

लालासाहेब खुर्चीत मागं रेलले.

“कॉलेजच्या कामाला सुट्टी लागत नाही,” प्राचार्य पुढं म्हणाले. “परवा त्या कॉलेजच्या कामावर असतील. हजेरी लागेल. त्यांच्या आईबापांना मी आजच भेटतो, आणि कोर्टात त्यांच्याबरोबर मी स्वतः येतो.”

लालासाहेब उठून गेले. चारी पटके त्यांच्यामागून गेले. माझ्या नोकरीचं काय झालं असेल ते त्यांच्या पाठीकडं पाहूनच मला समजलं, आणि तरी मला हलकं वाटत होतं.

दगडाबाईला हजेरीबिजेरी काही कळलं नव्हतं. तिनं चांगल्या हातानं माझा पदर ओढला.

“बाई, मंग येनार न्हवं पोरी?”

“येणार,” मी म्हटलं.

चौकीत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. दवाखान्यात हाड बसवतानाही नाही. आता ती स्टेजवरच खाली बसली, प्लास्टरचा हात मांडीवर घेतला आणि सगळ्यांदेखत रडली.