बाबांच्या तळहाताकडे धावणारं काळं

बंद पडलेल्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर काचेचा ग्लास होता, त्यात वस्तीच्या विहिरीचं पाणी. वस्तीत नव्याने आलेल्या चमत्कारी बाबांनी चिमूटभर काळी भुकटी टाकून ढवळलं, तसं पाणी शाईसारखं झालं. मग त्यांनी जाड अंगठी घातलेला तळहात ग्लासाला लावला. सगळं काळं तिकडे धावलं, काचेला चिकटून बसलं आणि बाकीचं पाणी नितळ झालं. भुकटीने उघडं पडलेलं पाण्यातलं विष पुण्यवान हाताकडे आपण होऊन येतं, असं बाबा म्हणाले. विष इतकं आज्ञाधारक असतं, हे लोकांना नव्यानेच कळलं. त्यांनी हात जोडले.

ताई दाराशी उभी होती. सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती रसायनतज्ज्ञ होती. वस्तीलगतच्या, धातूवर मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं पाणी मुरून विहिरीत क्रोमियम हा विषारी धातू उतरलाय, हे तिनेच दारोदार सांगितलं होतं. लोक टँकरचं पाणी पिऊ लागले होते. बाबा आले आणि टँकरच्या रांगेला कंटाळलेली वस्ती पुन्हा विहिरीकडे वळली. तिची धाकटी बहीणसुद्धा, मूत्रपिंडं अधू असताना. ताईने बाबांना भोंदू म्हटलं, त्या दिवसापासून धाकटीने बोलणं टाकलं. आई गेल्यापासून त्या घरात दोघीच होत्या. आता ताई वरच्या खोलीत एकटी जेवायची आणि खाली बहिणीच्या भांड्यांचा आवाज ऐकत राहायची.

गर्दीतून वाट काढत ती टेबलापाशी गेली. पिशवीतून तिने टँकरच्या पाण्याची बाटली काढली, दुसऱ्या ग्लासात ओतली आणि यातलंही विष काढून दाखवा म्हणाली. माघार घेणं बाबांना शोभलं नसतं. त्यांनी भुकटी टाकली, हात लावला. तेवढंच काळं निघालं.

"स्वच्छ पाण्यातही तितकंच विष?" ताईने विचारलं. "बाबा, ती अंगठी जरा काढता?"

अंगठी निघेना. मग ताईने जुन्या स्पीकरमधलं चुंबक ग्लासाला लावलं. काळं निमूटपणे तिच्याकडे आलं. भुकटी लोखंडाची होती, अंगठीत चुंबक होतं. बाबा स्वतःच टाकलेलं काळं परत काढत होते.

प्रयोगशाळेत आम्हीही चुंबक वापरतो, असं तिने लोकांना सांगितलं. पण तिथले कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असतात, त्यांच्यावर धातू धरून ठेवणारा लेप असतो, आणि नंतर पाणी तपासल्याशिवाय कुणी ते शुद्ध म्हणत नाही. मग तिने बाबांनी शुद्ध केलेल्या विहिरीच्या पाण्यात आणि टँकरच्या पाण्यात तपासणीचे थेंब टाकले. विहिरीचं पाणी जांभळं झालं. क्रोमियम होतं तिथेच होतं. टँकरचं पाणी मात्र तसंच राहिलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबा मागच्या दाराने गेले, लोक खाली मान घालून पुढच्या. आपली आशा हिने मोडली, असंच बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर होतं. धाकटी तेवढी जागेवर बसून होती.

"ताई, तू खरं तेच बोललीस," ती म्हणाली. "पण आता मी कशाच्या भरवशावर राहू?"

ताई बहिणीशेजारी बसली.

"कुणी काही दाखवलं, तर दुसऱ्या ग्लासात करून बघायचं. त्याच्या भरवशावर. आणि विहीर बंद करून कारखान्यांना जाब विचारायला हवा. त्याला चमत्कार नको, माणसं हवीत."

एवढ्या मोठ्या गोदामात त्या वेळी माणसं दोनच होती. वाचणाऱ्यांनी आपण कुठे उभे राहतो, ते ठरवावं.