भाड्याच्या घरातली कानबाई

घर बघायला हे एकटेच गेले होते, तिथंच सगळं चुकलं. माणसानं घर बघायला जावं तर चूल कुठं, पाणी कुठं, कडी नीट बसते की नाही, ते बघावं. हे आले आणि म्हणाले, "काय हवा आहे तिथं!" हवेत का भाकरी भाजायची आहे, असं मी विचारलं, तर हसले आणि खोकले.

तो खोकलाच मेला आम्हाला इथवर घेऊन आला होता. आम्ही धुळ्याचे, गल्ली नंबर चारमधले. जळगावच्या शाळेत यांची मास्तरकी लागली आणि पहिलं बिऱ्हाड केलं ते कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या पाठीमागं. रात्रंदिवस कापसाचे तंतू उडायचे. दुधावर साय धरायच्या आधी तंतू धरायचे. वर्षभरात यांची छाती धरली. डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, की अजून क्षय नाही, पण व्हायला फार वेळ लागणार नाही. गावाबाहेर मोकळ्या हवेत राहा आणि यांना पोटभर खाऊ घाला, नुसत्या हवेनं काही होत नसतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. हा माणूस जेवला पाहिजे आणि जगला पाहिजे.

म्हणून तेहेतीस सालच्या थंडीत आम्ही असोद्याच्या रस्त्यावर, झुंबरबाई पाटलिणीच्या मळ्याकडेच्या घरात राहायला आलो. तीन खोल्या, वर मातीचं सपाट धाबं, मागं विहीर आणि पुढं केळीच केळी. झुंबरबाईचं स्वतःचं घर समोरच होतं. विधवा बाई, सत्तरीला आलेली. तिला सगळे अक्का म्हणत. थोरला मुलगा शालिग्राम शेती बघायचा आणि सून कुंदाबाई बाकी सगळं बघायची. आमचं घर हे त्यांचं जुनं घर. त्यांनी ते भाड्यानं दिलं होतं हे खरं, पण रिकामं केलं नव्हतं, हे मला आल्यावर कळलं.

मागच्या खोलीत केळीचे घड टांगलेले. का, तर तिथं ऊब चांगली असते. ओसरीवर वासरू, का, तर त्याला सवय आहे. चैत्रात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायला आमच्या धाब्यावर आठ बाया चढल्या आणि तीन दिवस माझ्या डोक्यावर नाचल्या. मातीचे कण वरून वरणात पडत होते. आणि दार? दाराला कडी घालायची सोयच नाही. एकदा दुपारी कडी घालून जरा पडले, तर अर्ध्या घटकेत सगळा मळा ओसरीवर गोळा. कडी आहे म्हणजे आत कोणी तरी दगावलं, अशी इथली समजूत. अक्का तर पहाटेच आत यायची, चुलीतला विस्तव उकरून बघायची आणि पुटपुटत जायची. तिच्या मते मला विस्तव राखता येत नव्हता.

रविवारी यांचे शाळेतले मित्र फिरत फिरत यायचे. ओसरीवर बसून, वासरू पाय चाटतंय त्याचं कौतुक करत, "वहिनी, तुम्ही भाग्यवान," म्हणायचे आणि चहा पिऊन गावातल्या आपापल्या पक्क्या घरी जायचे. मी मनात म्हणायची, या ना राहायला. दुरून डोंगर साजरे!

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. उन्हाळा संपता संपता यांचा संध्याकाळचा खोकला थांबला. रात्री झोप लागायला लागली. फक्त जेवण नाही. अन्नावरची वासनाच उडालेली. अर्धी भाकरी पुढ्यात घेऊन बसायचे आणि तिचे तुकडे करत राहायचे. मी काय काय केलं! भरताची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, साजूक तुपाचा डबा रिकामा केला. हे म्हणायचे, "छान झालंय," आणि ताट बाजूला सारायचे. डॉक्टर म्हणाले, छाती सुधारते आहे, पण अंगात काही गेलंच नाही तर पावसाळ्यानंतर पुन्हा उलटेल. त्या ताटाकडे बघून मला रडू यायचं आणि रडू आलं की मी वासरावर ओरडायची.

श्रावणात नागपंचमी झाली आणि तिसऱ्या दिवशी अक्का येऊन म्हणाली, की मधली खोली मोकळी करून ठेव, रविवारी कानबाई बसेल. मी म्हटलं, कुठं? तर म्हणे इथंच. त्यांची कानबाई या घराशिवाय दुसरीकडे कधी बसलीच नाही. सगळं भाऊबंद येईल, चाळीसेक माणूस, रविवारी रात्रभर जागरण आणि सोमवारी विसर्जन.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. खानदेशातली ही देवी काय मला नवीन नव्हती. आमच्या घराण्यात बसत नाही, पण धुळ्यात घरोघर बघितलेली. देवीला माझी ना नव्हती. पण आजाऱ्याच्या घरात चाळीस माणसं, आणि ते घर भाड्यानं देताना सांगायचं नाही? हे शाळेतून आल्यावर मी तोंड सोडलं. हे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "अक्कानं सांगितलं होतं. मी हो म्हटलं होतं. तुला सांगायचं राहिलं."

आता अशा माणसाला काय म्हणावं? कपाळाला हात लावला आणि भांडी ओसरीवर काढायला घेतली.

शुक्रवारी भिंतींना चुना लागला, माझ्या फळीसकट. शनिवारी मधल्या खोलीत रोटाचे गहू काढायला बसले. त्यांच्या घराण्याचा रिवाज असा, की घरच्या प्रत्येक माणसामागं एक मूठ गहू आणि प्रत्येकाच्या वाट्याचा एक रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी. अक्का नाव घ्यायची आणि कुंदाबाई मूठ घालायची. हा रोट घरच्यांनीच खायचा. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा द्यायचा नाही, मग परक्याची बातच सोडा. एकाचा दुसऱ्यानं घ्यायचा नाही. मी आपली दारात उभी राहून ऐकत होते, कारण माझ्याच घरात मला बसायला जागा नव्हती. भाऊबंद झाले, शालिग्राम झाला, कुंदाबाई झाली, त्यांची मुलं झाली. मग अक्का म्हणाली, "रुपचंद." कुंदाबाईचा हात क्षणभर थांबला आणि तिनं मूठ घातली.

मागाहून विहिरीवर कुंदाबाईनं मला सांगितलं. रुपचंद हा अक्काचा धाकटा. भावाशी बांधावरून भांडला आणि रागानं सुरतेच्या गाडीत बसून गेला, त्याला सहा वर्षं झाली. पत्र नाही, निरोप नाही. अक्का दरवर्षी त्याची मूठ घालते, त्याचा रोट वेगळ्या ताटलीत काढते, शेजारी दह्याची वाटी ठेवते. संध्याकाळपर्यंत वाट बघते आणि मग तो रोट गाईला जातो. त्या रात्री कोणी तिच्याशी बोलत नाही.

रविवारचं जागरण काय सांगू! हे घोंगडी पांघरून मागच्या खोलीत केळीच्या घडांखाली झोपले आणि मी त्यांच्या उशाशी बसून गाणी ऐकत बोटं मोडत राहिले. सोमवारी पहाटेच रोट भाजून झाले. उजाडल्यावर सगळे देवीला घेऊन वाजत गाजत नदीवर गेले. माझ्या चुलीपाशी झाकलेली परात होती आणि कोनाड्याखाली एक ताटली. त्यांच्याकडे लक्ष ठेवायला मला बसवलं होतं. म्हणजे राखण माझ्याकडे. आता पुढचं ऐका.

घरात घोटभर पाणी उरलं नव्हतं. चाळीस माणसांनी ठेवलं असतं तरच नवल. मी घागर घेऊन विहिरीवर गेले. श्रावणी सोमवार, शाळा अर्धी. हे नेहमीपेक्षा लवकर पुढच्या दारानं घरात आले असणार. मी घागर घेऊन आत आले तर हे चुलीपुढं पाटावर बसलेले, आणि बोटानं वाटीतलं दही निपटून खात होते. पुढ्यातल्या ताटलीत कणसुद्धा नव्हता.

"फार चांगलं झालं होतं गं," हे म्हणाले. "तू काढून ठेवलंस ना माझ्यासाठी?"

माझ्या हातून घागर सुटली नाही एवढंच. खरं सांगते, आधी मला आनंद झाला. वर्षात पहिल्यांदा या माणसाचं ताट रिकामं बघत होते. आणि मग ते ताट कोणाचं होतं ते आठवलं. परातीला हात न लावता या बाबानं नेमका तोच एक रोट खावा?

लपवायला वेळच नव्हता. मंडळी परत आलीच. पुढं होते अभिमन आबा, भाऊबंदांत सगळ्यात वडील. त्यांनी आत डोकावलं आणि त्यांना सगळं समजलं. ओसरीवर गलका झाला. कानबाईचा रोट परक्यानं खाल्ला, देवी कोपली तर केळी उभी जळेल, गुरं मरतील, असं कोण कोण म्हणायला लागलं. आबांनी शालिग्रामला सांगितलं, की या मास्तराचं सामान आजच्या आज रस्त्यावर काढ, नाही तर पुढच्या वर्षापासून भाऊबंद या घरात पाय ठेवणार नाही. शालिग्राम खाली बघत उभा राहिला.

सहा महिने मी या घराला शिव्या दिल्या होत्या. आणि आता त्या दारात उभं राहून मला एकच दिसत होतं, की पुन्हा जिनामागं गेलो तर हा माणूस पुढचा श्रावण बघणार नाही. मी आबांच्या पाया पडायला निघाले. माझ्यासारखी बाई!

तेवढ्यात अक्का मला बाजूला सारून आत गेली. तिनं ताटलीकडे पाहिलं. वाटी उचलून तिचा तळ पाहिला. मग ती यांच्यापुढं बसली आणि हळूच म्हणाली, "पोट भरलं का रे?"

आमच्या यांना वेळकाळ कळत असता तर काय हवं होतं. हे म्हणाले, "भरलं अक्का. पण अजून असता तर अजून खाल्ला असता."

मी डोळे मिटून घेतले. अक्का उठली, परात घेऊन ओसरीवर गेली आणि आबांपुढं ठेवली.

"मोज," ती म्हणाली. "तुह्या माणसायचे रोट मोज. एक तरी कमी हाये का?"

आबांनी मोजले नाहीत. सगळ्यांनाच हिशेब कळला होता.

"सहा वरीस माह्या पोराचा रोट मी गाईले घालते," अक्का म्हणाली. "आज तो माणसाच्या पोटात गेला. देवीले राग यायचा तर माह्यावर येऊ दे. तो जेवला."

शालिग्राम तोंड फिरवून गोठ्याकडे निघून गेला. जरा वेळानं आबा पानावर बसले, तेव्हा बाकीचे बसले. ताटली अक्कानं स्वतः घासली. मला हात लावू दिला नाही.

त्या दिवसापासून यांची भूक उघडली ती उघडलीच. आधी एक भाकरी, मग दीड. दिवाळीत डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि मला बाजूला न घेता बोलले. शाळेतल्या मित्रांनी गावात एक छान पक्कं घर शोधलं होतं, कडीकोयंड्याचं. मी नको म्हटलं. म्हटलं खरं, पण त्याची फळं भोगते आहे. अक्का आता पहाटे विस्तव उकरून गप्प बसत नाही, यांच्या भाकरीला तूप किती लावलं तेही बघते. वासराची आई पण ओसरीवर आली आहे. घडांची संख्या विचारू नका.

यंदा पुन्हा शनिवारी मधल्या खोलीत गहू काढायला बसले. फळीला पुन्हा चुना लागला होता, म्हणून मी दारात धुसफुसत उभी होते. पण कान सगळा आत. वर्षभर मला एक बोचत होतं. अक्का आता रुपचंदचं नाव टाकून त्या जागी यांचं घेईल की काय? पोरगं अजून कुठं तरी जिवंत असेल, आणि आम्ही त्याचा रोट कायमचा खाऊन बसू.

अक्का म्हणाली, "रुपचंद." कुंदाबाईनं मूठ घातली. "मास्तर," अक्का म्हणाली, आणि कुंदाबाईनं दुसरी घातली.

"तो आला तर त्याले त्याचा पाह्यजे," अक्का कोणाकडेच न बघता म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आन् तू काय उभी राहून पाह्यते? तुही मूठ मी घालू का?"

मी पदर खोचून आत गेले, पोत्यात हात घातला आणि चांगली गच्च मूठ भरून घातली.