बोलावणं, भाग दोन

दीपालीनं एकच अट घातली होती: जे काय व्हायचं ते लाइव्ह व्हायचं. मागाहून कापाकापी नाही, गोड संगीत लावून सारवासारव नाही. श्रीशैलनं अट आनंदानं मान्य केली. तो सोलापूरचा, जुन्या व्हिडिओ गेमवर तास तास बोलणारं त्याचं यूट्यूब चॅनल, आणि ऐकणारे लाखांच्या घरात. या खेपेला विषय होता ‘बोलावणं, भाग दोन’. पाच वर्षांपूर्वी आलेल्या या भुताच्या गेमवरून मराठी पोरांत भाऊबंदकी माजली होती. अर्धे म्हणत, याच्याइतका भीतिदायक गेम झाला नाही. अर्धे म्हणत, याच्याइतका हसवणारा झाला नाही. या भांडणाचा निकाल लावायला श्रीशैल गेमच्या कर्त्याला, कळंबच्या अमरसिंहला, अणदूरच्या माळावर आणणार होता. गेममधला माळ तोच होता. त्या माळावर मेंढरं राखणारी बानूबाई ही दीपालीची आई.

दीपाली या दिवसाची सात वर्षं वाट बघत होती. अमरसिंहचं वाईट व्हावं, एवढीच तिची इच्छा होती. उगाच खोटं कशाला बोला?

दोघं इंजिनिअरिंगला एका वर्गात. अमरसिंह बड्या बागायतदाराचा लेक, पाचवीपासून पुण्याच्या वसतिगृहात वाढलेला. दीपाली मेंढपाळाची पोर. ‘बोलावणं’चा पहिला भाग दोघांनी मिळून केला. चित्रं त्याची, आवाज तिचे. खेळ साधा होता: तुम्ही माळावर वाट चुकलाय, आणि अंधारातून कुणीतरी हाक देतंय. हाक जवळ आली की लपायचं. ती हाक बानूबाईची होती. कळपावर लांडगा आला की मेंढपाळ जी बोंब ठोकतात, पोटातून उठून गळ्यात फाटणारी, तीच. फक्त नऊ सेकंदांची. त्या नऊ सेकंदांवर गेम चालला. पोरं हेडफोन काढून फेकायची.

गेमच्या शेवटी नावं आली, ‘संकल्पना, चित्रं, ध्वनी: अमरसिंह’. दीपालीचं नाव ‘विशेष आभार’मध्ये, तेही चहावाल्याच्या खाली. पुढं एका मुलाखतीत पठ्ठ्या म्हणाला, ‘ती हाक मीच दिलीय, स्टुडिओत. तीन दिवस घसा बसला होता माझा.’ चोर तो चोर, वर शिरजोर!

स्वतःचा अपमान दीपालीनं गिळलाही असता. पण तोवर बानूबाईनं हौसेनं गावभर सांगून ठेवलं होतं की फोनातल्या खेळात माझा आवाज हाय. मुलाखत गावातल्या फोनांवर फिरली, आणि बाजारात बाया विचारायला लागल्या, ‘काय गं बानू, पिच्चरमधी कवा येतीस?’ कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या बाईला खोटारडी ठरवून मोकळे झाले सगळे. बानूबाई कुणाला काही बोलली नाही. तिनं गावच्या बाजाराला जायचंच सोडलं, नळदुर्गच्या बाजाराला जायला लागली.

वर्षभरानं अमरसिंहचा फोन आला. ‘दीपा, दुसरा भाग करतोय. रानातला एखादा नवा आवाज दे ना, पहिल्याहून भारी.’

‘आईचं नाव टाकशील?’

‘बघू की. शेवटी सगळी टीमच असते.’

त्या ‘बघू की’नं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं गोड आवाजात होकार दिला आणि एक शीळ धाडली. बैल पाणी पीत असले की शेतकरी घालतात ती. लांबट, हळू, एका सुरातली. शीळ चालू असेतो जनावर निवांत, पोटभर पितं. मराठवाड्यातलं शेंबडं पोरही ती ओळखतं. दीपालीनं ती थोडी संथ केली आणि वर थाप ठोकून दिली: ‘तिन्हीसांजेला माळावर ही शीळ आली तर आमच्यात कुणी मागं वळत न्हाय. वळला त्यो परत येत न्हाय.’ अमरसिंहनं अख्खा दुसरा भाग त्या शिळेवर उभा केला.

गेम आला. पुण्या-मुंबईची पोरं दिवे लावून झोपायला लागली. आणि कळंबची, लोहाऱ्याची पोरं हसून हसून गडाबडा लोळली. पडद्यावर भूत शीळ घालत मागं लागलंय, नायक जिवाच्या आकांतानं पळतोय, आणि ही पोरं खाली लिहितायत, ‘पळू नको बाबा, पाणी पी.’ कुणी हौदावर पाणी पिणाऱ्या बैलांना गेमचं छाती धडधडवणारं संगीत लावून व्हिडिओ काढले. अमरसिंहची कंपनी त्या हशात बुडाली. ते सगळे शेरे दीपाली जेवताना तोंडी लावायला घ्यायची.

पण ही चव फार दिवस टिकली नाही. दोन वर्षांनी कुण्या शहाण्यानं लेख लिहिला की त्या शिळेत खोल अर्थ आहे. मरण माणसाला भिववत नाही, जनावरासारखं चुचकारून पाणी पाजतं; भीती खरी तीच. झालं! दुसरा भाग काळाच्या पुढचा ठरला. अमरसिंह लगेच जागोजागी सांगायला लागला, ‘मला तेच म्हणायचं होतं. लोकांना उशिरा कळलं.’ आईचा आवाज तर त्यानं आपल्या नावावर केला होताच, आता दीपालीचा सूडही त्याच्याच नावावर जमा झाला. खरं तर तिला जास्त झोंबलं ते हे दुसरं.

तर अमरसिंह सकाळी दहाला माळावर उतरला. कॅमेरा सुरू झाल्याची खात्री करून तो बानूबाईच्या पाया पडला. मग मरण, माया आणि मुकी जनावरं यांवर वीस मिनिटं बोलला. बोलला छान, हेही सांगायला हवं. मेंढरं चरत होती, दोन कुत्री बाभळीखाली पडली होती.

‘दादा, पहिल्या भागातली ती हाक एकदा द्या ना,’ श्रीशैल म्हणाला. ‘याच माळावर.’

‘आता तो घसा राहिला नाही,’ अमरसिंह हसून म्हणाला.

दीपाली याच क्षणासाठी थांबली होती. ‘आई, तू दे,’ ती म्हणाली. बानूबाई ओरडेल, कुत्री उसळतील, मेंढरं एका जागी गोळा होतील आणि जगाला काय ते कळेल, असा तिचा बेत.

‘न्हाय,’ बानूबाई म्हणाली.

‘आई!’

‘लांडगा न्हाय, काय न्हाय. उगं बोंब ठोकली तर कुत्री आत्ता धावतील, आन् खरा लांडगा आल्यावर धावायची न्हाईत. म्या खोटी हाक देत न्हाय.’

‘बरोबर आहे मावशी,’ अमरसिंह लगेच म्हणाला. ‘सगळ्यांनाच जमतं असं नाही.’ श्रीशैलच्या मोबाइलवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आईला पुन्हा खोटारडी ठरवलं गेलं होतं, आणि या वेळी लाखोंसमोर.

दीपालीकडं आणखी एक पुरावा होता. तो तिनं आजवर कुणालाच ऐकवला नव्हता. त्या नऊ सेकंदांचं मूळ ध्वनिमुद्रण एक मिनिट दहा सेकंदांचं होतं आणि तिच्या फोनात तसंच पडून होतं. तिनं फोन काढला. बानूबाईनं ते पाहिलं आणि मान हलवली.

‘नगं, दीपे. ऱ्हाऊ दे.’

आई सात वर्षं का गप्प राहिली, ते दीपालीला तेव्हा उमगलं. पोरीच्या फोनात काय आहे ते आईला पहिल्यापासून माहीत होतं. ‘दीपे, फोनातलं सगळं ऐकव’ एवढं तिनं म्हटलं असतं तरी गावाची तोंडं बंद झाली असती. पोरीची लाज झाकायला तिनं खोटारडी म्हणवून घेतलं होतं. दीपालीनं बटण दाबलं आणि फोन माइकजवळ धरला.

आधी कुत्र्यांचं भुंकणं, मग ती हाक. नऊ सेकंद. जिथं गेममध्ये आवाज तुटायचा तिथं तो आता तुटला नाही. त्याच गळ्यातून, त्याच दमात पुढचं आलं: ‘दीपेऽ, फोन ठिव त्यो! काठी घे! भुऱ्याला धरलंय, दीपे, काठी आण!’ मग कुत्र्याचं केकाटणं. माइकच्या अगदी जवळ एका पोरीचा श्वास. पुन्हा ‘दीपेऽ!’ आणि शेवटाला काहीच नाही, नुसता वारा.

‘म्या फोन ठिवला न्हाय,’ दीपाली कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली. ‘आवाज लई ब्येस येत हुता. भुऱ्या आमचा राखणीचा कुत्रा. काठी घिऊन पळाली असती तर वाचला असता. ही माझी करणी. पण हाक कुणाची, ते आता तूच सांग, अमर.’

अमरसिंह इकडंतिकडं बघायला लागला. श्रीशैलनं माइक त्याच्यापुढं धरला आणि मागं घेतला नाही.

‘हाक... बानूबाईंची आहे,’ अखेर तो म्हणाला.

‘आन् स्टुडिओत बसलेला घसा?’

‘तसं काही झालं नव्हतं.’

त्याचा चेहरा पार उतरला. दीपालीला क्षणभर त्याची दया आली. पण आई नळदुर्गच्या बाजारातून ओझं वागवत यायची, ते आठवलं आणि दया आली तशी गेली.

‘आता शिळेचं. वळला त्यो परत येत न्हाय, ही थाप म्या रचली हुती. तुला पाणी पाजायची शीळ दिली, आन् तू भुताची म्हणून घेतलीस. अर्थबिर्थ मागनं आला.’

‘नाही,’ अमरसिंह उसळला. एवढं तरी त्याला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. ‘ती पाणी पाजायची शीळ आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. शेतकऱ्याच्या घरातला आहे मी.’

‘बैलांच्या किती जोड्या हुत्या घरी?’

‘सात.’

‘त्यांला पाणी कोण पाजायचं?’

‘गडी,’ अमरसिंह म्हणाला.

‘नाव काय त्या गड्याचं?’

तो आठवायला लागला. खरंच आठवत होता बिचारा. कपाळाला आठ्या पडल्या. नाव काही येईना.

‘बास, दीपे,’ बानूबाई म्हणाली.

‘बास कसं, आई?’ दीपाली म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट बघत बसली.